ट्रॅकवर गाणारीने ख्याल शिकावा का?

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहते, वय 31. आठ वर्षं झाली ऑर्केस्ट्रात आणि कराओकेच्या प्रोग्रॅमला गातेय, ठाणे, वाशी, बेलापूर सगळीकडे शो झालेत. आता शास्त्रीय शिकायचंय, पण एका क्लासमध्ये सरांनी दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाले, सिनेमाची गाणी गाऊन गळ्याला वळण लागलंय, आता ख्याल येणार नाही. रडूच आलं मला. खरंच असं असतं का? लाइट गाणारं कुणी शास्त्रीयकडे गेलंच नाही का?

उत्तर : अगं, गेलेत की! आणि एक उदाहरण तर तुझ्या अगदी जवळचं आहे. ठाण्यात ज्यांच्या नावाने महापालिकेचा संगीत समारोह होतो ते पं. राम मराठे आधी कोण होते? प्रभात फिल्म कंपनीचे बालनट. 1938 च्या 'गोपालकृष्ण'मधला कृष्ण म्हणजे तेच, पुढच्या वर्षी 'माणूस'मधला चहावाला पोऱ्याही तेच. त्या सिनेमांना संगीत होतं मास्तर कृष्णरावांचं, आणि पुढे त्यांच्याचकडे राम मराठे गाणं शिकले, मग मिराशीबुवा, जगन्नाथबुवा पुरोहित, एकेका गुरूपुढे बसून शिकत राहिले. त्यांचे जोडराग, म्हणजे दोन राग एकत्र गुंफलेले, ऐक एकदा, सिनेमातून आलेला गळा म्हणजे काय ते कळेल.

आता वयाचं. आशाताई साठीच्या पुढे असताना सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँसाहेबांकडून मैहर घराण्याच्या जुन्या बंदिशी शिकल्या आणि त्यांच्याबरोबर रेकॉर्ड केल्या, त्या अल्बमला ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं. हजारो गाणी गायलेली बाई त्या वयात पुन्हा शिष्या होऊन बसते! तू तर 31 ची आहेस.

मन्ना डेंचं नाव तुला कुणीतरी सांगेलच, 'बसंत बहार'मध्ये (1956) भीमसेनजींबरोबर गायले ते. सिनेमाच्या स्टोरीत गाण्याच्या सामन्यात मन्नादांना भीमसेनजींवर जिंकायचं होतं आणि त्या कल्पनेनेच ते घाबरले होते. गाणं अप्रतिमच आहे, पण मला वाटतं ते उदाहरण तुझ्या कामाचं नाही, कारण ते शेवटी गाणंच आहे, चाल आधी ठरलेली. तिकडच्या संगीतातही तसंच बघ, 1998 च्या ग्रॅमी सोहळ्यात ऑपेरा गायक पावारोत्ती आजारी पडले आणि ऐनवेळी सोल गाणाऱ्या अरेथा फ्रँकलिनने त्यांच्या जागी ऑपेराचे संगीतकार पुच्चिनी यांचं गाणं गायलं, लोक उभे राहिले, पण स्वर पुच्चिनीने लिहून ठेवलेले होते. आपल्या ख्यालात लिहिलेलं असतं काय तर चार ओळींची बंदिश, बाकी अर्धा-पाऊण तास तुझं तू उभं करायचं.

अडचण खरी इथे आहे, गळ्यात नाही. ऑर्केस्ट्रातून माझ्याकडे येणाऱ्या मुलींचा सूर पक्का असतो, स्टेजची भीती गेलेली असते, पण मुखडा गाऊन झाला की त्या थांबतात. दोन कडव्यांमधल्या म्युझिक पीसची वाट बघत असतात गं! आठ वर्षं ट्रॅकने सांगितलेलं असतं ना कधी थांबायचं, कधी शिरायचं. ख्यालात पीस येत नाही, तबलजी ठेका धरून बसलेला, विलंबित, म्हणजे संथ, एकतालाच्या बारा मात्रा संपता संपत नाहीत, आणि ती जागा तुलाच भरायचीय. दुसरं म्हणजे माइक. माइकच्या जवळ जाऊन हळुवार सोडलेला सूर रेकॉर्डिंगमध्ये गोड लागतो, तानपुऱ्यापुढे तोच सूर पोकळ वाटतो, तिथे मोकळा 'आ'कार लागतो. आणि सवयीने प्रत्येक सुरावर मुरकी, ती सुरांची छोटी गिरकी, घेणं बंद कर, नुसत्या गंधारावर श्वास संपेपर्यंत थांबता येतं का बघ.

तर असं कर. सकाळी अर्धा तास खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, शोमध्ये कुठल्याही स्केलला गात असलीस तरी रियाजाला एकच पट्टी ठेव, पेटीची काळी चार झेपते का बघ. वर्षभर फक्त यमन. शो सोडू नकोस, पोट त्यावर आहे, फक्त शोच्या दुसऱ्या दिवशी गळ्याला आराम दे. आणि गुरू बदल. दोन ओळींत माणसाचा निकाल लावणाऱ्याकडे शिकू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : कोपरीहून लिहितोय, रिटायर्ड आहे, भावगीतं गातो. शास्त्रीयच्या परीक्षा द्याव्यात का?

उत्तर : काका, जरूर द्या. गांधर्व महाविद्यालय मंडळ तुम्हाला वाशीलाच आहे. प्रारंभिक, प्रवेशिका असं चढत गेलात की रागांची ओळख शिस्तीत होते. फक्त विशारद या वरच्या परीक्षेची घाई करू नका, आधी भूप राग घरच्यांना दहा मिनिटं न कंटाळता ऐकवता येऊ दे.