वसंत ऋतूत आयुर्वेदानुसार दिनचर्येत नेमकं काय बदलायचं?

दुपारची झोप बंद, दही-मिठाई कमी आणि सकाळचा व्यायाम सुरू, एवढे तीन बदल आधी करा. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाच्या सूत्रस्थानातल्या (पहिल्या भागातल्या) तिसऱ्या अध्यायात ऋतुचर्या, म्हणजे ऋतूनुसार राहण्याचे नियम, दिली आहे. थंडीत साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होतो आणि जठराग्नी मंदावतो, म्हणून सर्दी, आळस, भूक नसणं. व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करायचा, म्हणजे कपाळावर, नाकावर घाम आला की थांबायचं. मग अंगाला तेलाऐवजी कोरडं उटणं चोळा.

जेवणात:
- जुने गहू, जव, मूग
- सुंठ घालून उकळलेलं पाणी, किंवा साध्या पाण्यात मध (गरम पाण्यात नको, आयुर्वेदात ते निषिद्ध आहे)
- पाडव्याची कडुनिंबाची कोवळी पानं, ओवा-गूळ-हिंग घालून

त्याच पाडव्याला आपण वाटीभर श्रीखंड चापतो, ते शास्त्रात अजिबात बसत नाही! असो, एका दिवसाने बिघडत नाही.

मात्र विदर्भ-मराठवाड्यात चैत्रातच ऊन भाजून काढतं. तिथे तेव्हा हे कफाचे नियम सोडून ग्रीष्माचे धरा. मधुमेह असेल तर मध-गूळ डॉक्टरांना विचारूनच.