स्टॉकहोमला नौदलाच्या जुन्या बिल्डिंगमधल्या हॉटेलात राहावं का?

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये आईबाबांना घेऊन स्टॉकहोमला जायचंय, तिथं एका बेटावर नौदलाच्या जुन्या बिल्डिंगमध्ये हॉटेल आहे पण भाडं लई दिसतंय, तर तिथं राहावं का नुसतं बाहेरून बघून यावं. आमची लेक तिकडं शिकायला होती तेव्हा मी आणि आमचे हे गेलो होतो आणि तिच्या हट्टापायी तिथंच उतरलोत, म्हणून सांगते. एक रात्र, फार तर दोन रात्री राहा. सगळा मुक्काम तिथं टाकू नका.

बेटाचं नाव स्केप्सहोल्मेन. सतराव्या शतकापासून पार 1969 पर्यंत हे बेट नौदलाकडं होतं आणि शहराच्या ऐन मधोमध असून तिथं अजून गर्दी अशी नाही, रात्री जेवण झाल्यावर बेटाभोवती चक्कर मारली तर चार-दोन माणसं दिसतात तेवढीच. हॉटेल आहे ती लांबच लांब पिवळी बिल्डिंग, 1699 च्या सुमाराची, मुळात राजाच्या सैनिकांसाठी बांधलेली बराक, नौदलाच्या वापरात नंतर आली. 1699 म्हणजे आपल्याकडं राजाराम महाराज होते, औरंगजेब साताऱ्याला वेढा घालायला निघाला होता, आणि तिकडं कोकणात कान्होजी आंग्रे आरमार सांभाळायलेत, त्या वर्षांतली बांधणी. आमच्या ह्यांना हे सांगितल्यावर ते आधी भिंतीची जाडी हातानं मोजायला लागले. पाटबंधारे खात्यात नोकरी गेली त्यांची, दुसरं काय सुचणार.

आता खोलीचं. जाड भिंती, खोल खिडक्या, आपल्याकडच्या एखाद्या गढीत नवं बाथरूम बसवावं तसा प्रकार आहे. संरक्षित इमारत असल्यामुळं मनाला येईल तशी भिंत पाडली, खिडकी मोठी केली असं तिथं चालत नाही, जेवढी जागा सैनिकांना होती तेवढ्यातच सगळं बसवायचं, मग खोल्या काही ऐसपैस निघत नाहीत. त्या पैशात शहरात दुसरीकडं मोठी खोली मिळते. तुमच्या आईबाबांना जर दुपारी पाय पसरून पडायची, दोन बॅगा उघड्या टाकायची सवय असेल तर त्यांना अडचण वाटेल, हे आधीच धरून चला. पैसे खोलीचे नसतात, सकाळी दार उघडून चार पावलं टाकली की पाणी, समोर बोटी आणि पलीकडं जुनं शहर, त्याचे असतात. म्हणून बुकिंग करताना पाण्याच्या बाजूची खोली मागून घ्या, मागच्या बाजूची मिळाली तर मग एवढे पैसे कामून घालायचे.

जूनमधलं अजून एक, सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो आणि पहाटे साडेतीनला परत हजर, मधेसुद्धा आभाळ पुरतं काळं होत नाही. पडदे नीट ओढून घ्या, नाहीतर म्हातारी माणसं तीनलाच उठून चहा मागतील (आमच्याकडं हेच झालं, आणि म्हातारं माणूस म्हणजे मीच).

पण तुम्ही नौदलासाठी म्हणून जायलात तर खरा माल समोरच्या बेटावर आहे. युर्गोर्डन म्हणतात त्याला, तिथं वासा नावाचं जहाज आहे. हॉटेलात राहिल्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटला, की म्युझियम उघडायच्या वेळेला तुम्ही दारात उभे राहू शकता, बसमधून टूरची माणसं उतरायच्या आत. वासा बुडालं 10 ऑगस्ट 1628 ला, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दोन वर्षं आधी, पहिल्याच फेरीला, जेमतेम 1300 मीटर गेल्यावर! 64 तोफा चढवलेल्या, वरचा भाग जड, खाली वजन कमी, थोडा वारा आला, जहाज कललं आणि तोफांच्या उघड्या झरोक्यातनं पाणी आत. आणि हे आधी माहीत नव्हतं असंही नाही. निघायच्या आधी 30 माणसं डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून टेस्ट घेतली होती, तीन फेऱ्यात जहाज इतकं हलायला लागलं की टेस्टच थांबवली. राजा लढाईवर बाहेर, त्याला घाई, त्याच्यापुढं तोंड कोण उघडणार. पुढं चौकशी झाली, शिक्षा कुणालाच नाही. हे ऐकून आमचे हे जे हसले, म्हणे, फाईल बघितली नाही तरी शेरा सांगतो.

333 वर्षांनी, 24 एप्रिल 1961 ला ते वर काढलं आणि लाकूड जवळपास सगळं मूळचंच. कारण ऐका, मला तर हेच सगळ्यात भारी वाटलं. समुद्रात लाकूड पोखरणारी एक अळी असते, ती खाऱ्या पाण्यात चार-सहा वर्षांत जहाजाची चाळण करते, पण बाल्टिकचं पाणी नावालाच खारं, त्यात ती टिकत नाही. स्टॉकहोमला तर मेलारेन तलावाचं गोडं पाणी येऊन मिळतं, शहरात तो जोड आहे तिथं लॉक, म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करून बोटी सोडायचे दरवाजे, बांधलेत, एका बाजूला तलाव आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. नळाला येतं तेही त्याच तलावाचं, सरळ ग्लास भरून प्यायचं, बिसलेरी शोधत फिरू नका. 2016 ला आम्ही लातूरला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी भरलेली माणसं, हे तर त्या लॉकपाशी अर्धा तास उभे होते, लेक म्हणे, बाबा राजवाडा बघायचाय ना? राजवाडा राहिलाच त्या दिवशी.

बजेट खरंच ओढाताणीचं असेल तर त्याच बेटाच्या काठाला एक पांढरं तीन डोलकाठ्यांचं जहाज उभं आहे, आफ चॅपमन. 1888 ला इंग्लंडमध्ये बांधलेलं, स्वीडनच्या नौदलानं 1923 ला घेऊन त्यावर पोरांना ट्रेनिंग दिलं, आणि 1949 पासून ते होस्टेल आहे. म्हणजे खरंखुरं नौदलाचं जहाज, आणि तेही हॉटेलपेक्षा बऱ्याच कमी पैशात. काठावरच्या बिल्डिंगमध्येही त्यांच्या खोल्या आहेत. वयस्कर माणसं असतील तर काठावरचीच घ्या, जहाजात जिने उभे आणि केबिन चिंचोळ्या. बुक करताना रेटमध्ये चादर-टॉवेल आणि नाष्टा धरलाय का ते बघून घ्या, होस्टेलात हे वेगळं लावतात. मी परत गेले तर हेच घेईन, हे नको म्हणतील पण घेईन.

पोचायचं अवघड नाही, बस बेटावर येते, आणि कुंगस्ट्रॅडगोर्डन मेट्रोला उतरून चालत आलात तर 1861 चा लोखंडी पूल लागतो, त्यावर सोनेरी मुकुट बसवलाय, सगळे फोटो तिथंच काढतात. बसमध्ये कॅश घेत नाहीत, एकंदर त्या देशात नोटांना कुणी विचारत नाही, कार्ड चालू करून घ्या. बेटावर किराणा मिळत नाही, दह्याच्या एका डब्यासाठी पूल ओलांडावा लागतो. इथून धपाटे, शेंगदाण्याची चटणी न्यायला हरकत नाही पण तूप, पेढे, खवा काही बांधू नका, युरोपात बाहेरचे दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेतात.

आणि तारखा बघा बरं का. 19 ते 25 जूनमध्ये जो शुक्रवार येतो त्या दिवशी त्यांचा मिडसमर असतो, आपल्या दिवाळीएवढा मोठा सण, अर्धं शहर गावाकडं निघून जातं आणि दुकानं, खाण्याची हॉटेलं बरीच बंद. म्युझियमच्या वेळा पण त्या दोन दिवसांपुरत्या चेक करा. तेव्हाच तिथं असाल तर गुरुवारीच दूध, ब्रेड, फळं आणून ठेवा.