वायुवाहिनीची सुरक्षा: पुस्तिकेतली आणि प्रत्यक्षातली

नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनींविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. दुसऱ्या पत्राचे उत्तर इतर दोहोंपेक्षा बरेच लांबले आहे, कारण त्यातला प्रश्न या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे. मी स्वतः देखभालीच्या कामात अनेक वर्षे काढली असल्याने त्यावर थोडक्यात बोलणे मला जमले नाही.

प्रश्न: आमच्या शेतातून वायूची मोठी पाइपलाइन गेली आहे आणि सातबाऱ्यावर इतर हक्कांत तशी नोंदही आहे. त्या पट्ट्यात मला शेततळे खोदायचे आहे, पण कंपनीचा माणूस खोदू देत नाही. जमीन माझी असताना तो मला अडवू शकतो का? शिवाय पाइपलाइन टाकली तेव्हा इथे रान होते, आता रस्त्याच्या कडेने तीस-चाळीस घरे झाली आहेत. याची दखल कोणी घेते का?
– एक शेतकरी वाचक, रायगड जिल्हा

उत्तर: पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही, पण ते स्पष्ट आहे. पाइपलाइनीखालची जमीन १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायद्यानुसार घेतलेली असते. या कायद्याने मालकी तुमच्याकडेच राहते आणि फक्त जमिनीच्या वापराचा हक्क कंपनीकडे जातो. भात, नाचणी, भाजीपाला अशी पूर्वीची शेती तुम्ही त्या पट्ट्यात करू शकता. मात्र इमारत किंवा कोणतेही बांधकाम, विहीर, तळे, बंधारा आणि झाडांची लागवड या गोष्टींना कायद्याच्या नवव्या कलमाने मनाई केली आहे. पाइप साधारण एक मीटर खोल असतो. शेततळे खोदताना जेसीबीचा दात त्याला लागला, तर वरचे संरक्षक आवरण खरवडले जाते आणि तिथून सुरू झालेला गंज कित्येक वर्षे कोणाच्याही नजरेस पडत नाही. या बंधनाच्या बदल्यात पिकांच्या व इतर नुकसानीच्या भरपाईखेरीज जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम देण्याची तरतूद कायद्यात आहे. जमीन कायमची बांधली जात असताना ही रक्कम तुटपुंजी आहे, हे माझे मत मी याआधीही मांडले आहे. ती तुमच्या वडिलांना मिळाली होती की नाही, हे सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयातून तपासून घ्या.

तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पाइपलाइनीच्या दोन्ही बाजूंना दोनशे-दोनशे मीटर आणि लांबीने १.६ किलोमीटर असा तुकडा धरून त्यातली घरे मोजली जातात आणि त्या संख्येवरून त्या भागाचा वर्ग ठरतो. दहापर्यंत घरे असतील तर पहिला वर्ग, त्याहून अधिक पण ४६ पेक्षा कमी असतील तर दुसरा, ४६ किंवा अधिक असतील तर तिसरा, आणि बहुमजली इमारतींची दाटी असेल तर चौथा. पहिल्या वर्गात पाइपाच्या पोलादावर त्याच्या ताणमर्यादेच्या सर्वसाधारणपणे ७२ टक्क्यांपर्यंत ताण येऊ देता येतो. दुसऱ्या वर्गात हे प्रमाण ६० टक्के, तिसऱ्यात ५० आणि चौथ्यात ४० टक्के आहे. दोन झडपांमधले अंतरही याच क्रमाने ३२, २४, १६ आणि ८ किलोमीटरपर्यंत कमी होत जाते. वस्ती वाढली की पाइपाची जाडी, वायूचा दाब आणि झडपांच्या जागा यांचा फेरविचार करणे कंपनीला भाग असते, ते याचमुळे. तुमच्याकडची वाहिनी मुळातच वरच्या वर्गासाठी बांधलेली असेल, तर काहीच बदलावे लागणार नाही. पण तशी ती आहे का, हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे. घरांची संख्या आणि जवळच्या मार्करवरचा, म्हणजे वाहिनीची जागा दाखवणाऱ्या खांबावरचा क्रमांक लिहून कंपनीला लेखी पत्र द्या आणि त्याची प्रत नवी दिल्लीतील पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाला पाठवा. घरे उभी राहताना रोज पाहणारे तुम्ही आहात. कार्यालयातल्या नकाशावर ती दिसायला फार वेळ लागतो.

प्रश्न: मी एका कंत्राटदाराकडे पाइपलाइन देखभालीचे काम करणारा अभियंता आहे. आमच्याकडे प्रत्येक कामाची लेखी कार्यपद्धती आहे, त्रयस्थ संस्थेकडून सुरक्षेचे लेखापरीक्षणही होते. तरीही प्रत्यक्ष काम अनेकदा त्या पुस्तिकेप्रमाणे होत नाही. नियामक मंडळ नेमके काय तपासते, पुस्तिका आहे की नाही हे, की ती पाळली जाते की नाही हे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: आपल्याकडील चौकट आधी पाहू. नियामक मंडळ २००६ च्या कायद्याने निर्माण झाले. त्यानंतर मंडळाने तांत्रिक व सुरक्षा मानकांचे विनियम शहरी वायुवितरणासाठी २००८ साली आणि मोठ्या वाहिन्यांसाठी २००९ साली आणले, आपत्कालीन प्रतिसादाचे विनियम २०१० साली, तर वाहिनीच्या अखंडतेच्या, म्हणजे पाइप शाबूत राखण्याच्या व्यवस्थापनाचे विनियम २०१२ आणि २०१३ साली. शिवाय १९८६ पासून काम करणारे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय आपली मानके देते आणि पाहण्या करते. कागदावर ही चौकट जगातल्या कोणत्याही देशापेक्षा फार मागे नाही. पण मंडळाकडे स्वतःचे निरीक्षक मोजके असल्याने प्रत्यक्ष तपासणीचा मोठा भार मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थांवर पडतो, आणि त्या संस्थांचे शुल्क तपासली जाणारी कंपनीच भरते. या संस्थांतील माणसे अप्रामाणिक असतात असे मी मुळीच म्हणत नाही. दोन-तीन दिवसांसाठी आलेला लेखापरीक्षक नोंदवह्या पाहतो, कारण तेवढ्या वेळात त्याला तेवढेच पाहता येते, हे माझे म्हणणे आहे.

अमेरिकेच्या संघीय नियमांत या बाबतीत एक वाक्यरचना आहे, ती मला फार मोलाची वाटते. प्रत्येक वाहिनीसाठी कार्यपद्धतींची लेखी पुस्तिका तयार करावी आणि तिचे पालन करावे, असे तिथला नियम एकाच वाक्यात सांगतो, आणि दर कॅलेंडर वर्षात निदान एकदा, पंधरा महिन्यांपेक्षा अधिक अंतर न पडू देता, तिचा आढावा घ्यावा असेही म्हणतो. यामुळे कंपनीने स्वतःच लिहिलेली पद्धत तिने मोडली, तर तो थेट नियमभंग ठरतो. अपघात झालेला असो वा नसो, निरीक्षकाला तेवढ्यावर कारवाई करता येते.

एवढी स्पष्ट तरतूद असूनही तिथे काय घडले, हे पाहण्यासारखे आहे. ९ सप्टेंबर २०१० रोजी कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो या गावात पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीची १९५६ साली टाकलेली ३० इंची वाहिनी फुटली. आठ माणसे मरण पावली, ३८ घरे नष्ट झाली आणि वायू बंद करायला ९५ मिनिटे लागली. फुटलेल्या जागी सलग, जोडरहित नळी असल्याची नोंद कंपनीच्या दफ्तरात होती. प्रत्यक्षात तिथे आखूड तुकडे एकमेकांना जोडलेले होते आणि त्यांचे लांबीतले वेल्ड अर्धवट होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०११ च्या अहवालात कंपनीला मुख्यतः जबाबदार धरलेच, पण जुन्या वाहिन्यांना जलदाब चाचणीतून (पाइपात पाणी भरून दाबाखाली घ्यायच्या चाचणीतून) मिळालेली सूट आणि कंपनीच्या अखंडता व्यवस्थापनातील उणिवा राज्याच्या नियामकाच्या लक्षात न येणे, याही गोष्टींनी अपघाताला हातभार लावल्याचे नोंदवले. पुढे राज्याच्या नियामकाने २०१५ साली १६० कोटी डॉलरचा दंड केला आणि २०१६ साली संघीय न्यायालयात कंपनी सुरक्षा कायद्याच्या भंगाबद्दल दोषी ठरली. कंपनीचा अखंडता कार्यक्रम काटेकोर दिसत होता, पण त्याच्या गणितात घातलेली माहितीच खोटी होती, आणि ती वाहिनीशी पडताळून पाहण्याचे काम कोणीच केले नव्हते.

आपल्याकडचे उदाहरण आंध्र प्रदेशातील नगरमचे आहे. तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातील या गावात २७ जून २०१४ रोजी पहाटे गेल या सरकारी वायू कंपनीची १८ इंची वाहिनी फुटली आणि आगीत वीसहून अधिक गावकऱ्यांचा जीव गेला. वाहिनी कोरड्या वायूसाठी होती. तिच्यातून पाण्याचा अंश असलेला ओला वायू वाहत राहिला आणि पाइप आतून गंजत गेला, असे चौकशीत आढळले. कोरड्या वायूसाठी लिहिलेली देखभालीची पद्धत अगदी तंतोतंत पाळली, तरी ओला वायू वाहून नेणारा पाइप तिने वाचत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाला मी आणखी एक प्रश्न जोडतो: ज्या परिस्थितीसाठी पुस्तिका लिहिली गेली, ती परिस्थिती आज खरी आहे का, हे कोण तपासते?

देखभालीच्या कामातला एक अनुभव सांगतो. कॅथोडिक संरक्षण, म्हणजे पाइपाला सौम्य विद्युतप्रवाह देऊन गंज रोखण्याची व्यवस्था, नीट चालू आहे का, हे पाहण्यासाठी ठरावीक अंतरावरच्या चाचणी खांबांवर पाइप आणि माती यांच्यातील विद्युत्दाब मोजतात. तो तांबे व मोरचूद यांच्या प्रमाण विद्युताग्राच्या (मोजणीसाठी संदर्भ म्हणून मातीला टेकवायच्या इलेक्ट्रोडच्या) तुलनेत उणे ०.८५ व्होल्टपेक्षा अधिक ऋण असावा लागतो. एका नोंदवहीत ओळीने चाळीस खांबांचे वाचन उणे १.१० असे एकाच शाईत लिहिलेले मी पाहिले. मधल्या पट्ट्यात एक ओढा होता, मुरमाड टेकडी होती आणि उच्चदाबाच्या वीजतारांचे ओलांडणेही होते. इतकी वेगवेगळी माती एकच आकडा देऊ शकत नाही. ती वही आधीच्या लेखापरीक्षणात पूर्ण व समाधानकारक म्हणून नोंदली गेली होती. वाचन घेणाऱ्या मुलाला दिवसाला किती खांब नेमून दिले होते, हे विचारले तेव्हा मला त्याचा राग येईनासा झाला, कारण तेवढे खांब एका दिवसात मोजून होणे शक्यच नव्हते.

म्हणून नियामकाने प्रमाणपत्रे मोजत बसण्यापेक्षा पूर्वसूचना न देता चार खांब निवडून स्वतः वाचन घ्यावे, एखादा चर उघडून नोंदीतला पाइप आणि जमिनीतला पाइप जुळतो का हे पाहावे, आणि कामाचा परवाना ज्याच्या सहीने निघाला तो माणूस त्या वेळी जागेवर होता का हे विचारावे, असे मला मनापासून वाटते. लेखापरीक्षणाचे शुल्क कंपनीने थेट संस्थेला न देता मंडळाकडे भरावे आणि संस्था मंडळाने नेमावी, एवढा बदलही पुष्कळ काही सुधारेल. मंडळाच्या निर्देशांचा भंग झाल्यास प्रत्येक वेळी एक कोटी रुपयांपर्यंत आणि तो चालूच राहिल्यास दिवसाला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. मोठ्या कंपनीला हे आकडे जड नाहीत. तिला खरी धास्ती वाहिनी चालवण्याचे अधिकारपत्र निलंबित होण्याची असते.

तुम्ही स्वतः काय करावे, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. पुस्तिकेप्रमाणे काम करणे अशक्य असेल, तर ते गुपचूप वेगळ्या रीतीने करू नका. पद्धत बदलण्याचा लेखी प्रस्ताव द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. चुकीची पद्धत दुरुस्त होऊ शकते. पण खोट्या नोंदीवर पुढच्या दहा वर्षांचे निर्णय उभे राहतात, आणि ते घेणाऱ्यांना पायाखाली काय आहे याची कल्पनाही नसते.

प्रश्न: आमच्या सोसायटीत नळाने वायू येतो. समोरचा रस्ता वर्षातून तीनदा खोदला जातो, कधी केबलसाठी तर कधी सांडपाण्यासाठी. गेल्या महिन्यात फाटकाजवळ वास आला, पण तासाभराने गेला म्हणून आम्ही तक्रार केली नाही. आम्ही चुकलो का?
– सोसायटीच्या सचिव, पुणे

उत्तर: होय, तक्रार करायला हवी होती. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. शहरात शिरताना त्यात मर्कॅप्टन नावाची उग्र वासाची रसायने मिसळतात. हवेत सुमारे पाच टक्के वायू साठला की तो पेट घेऊ शकतो, आणि त्याच्या एक पंचमांश प्रमाणातच वास यावा असा दंडक आहे. म्हणजे वास येतो तेव्हा हाताशी अजून थोडा वेळ असतो, आणि तो वेळ तुम्ही वापरला नाही. वास गेला म्हणजे गळती थांबली असे होत नाही. वारा बदललेला असतो, किंवा मातीतून झिरपणारा वायू गटारात अथवा केबलच्या नळीत शिरून दुसरीकडे निघालेला असतो.

रस्त्याखालच्या पिवळ्या प्लॅस्टिक नळीत साधारण चार बार दाब असतो, तर तुमच्या शेगडीपाशी तो जेमतेम २१ मिलिबार. त्यामुळे खरा धोका स्वयंपाकघरापेक्षा फाटकाबाहेर, जेसीबीच्या बकेटखाली असतो. खोदकाम करणाऱ्याने आधी जमिनीखालच्या वाहिन्यांच्या मालकांना कळवावे यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. रस्त्यावर यंत्र दिसताच कंत्राटदाराने त्यावर नोंद केली आहे का, आणि वायू कंपनीचा माणूस जागेवर आहे का, या दोन गोष्टी विचारा. उत्तर नकारार्थी आले, तर वायू कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर लगेच कळवा. तो बिलावर छापलेला असतो. तो फाटकावर रंगवून घ्या, पहारेकऱ्याला पाठ करायला सांगा, आणि गेल्या महिन्यातला तो वास कोणत्या तारखेला व किती वाजता आला होता हे आठवून आजच त्या क्रमांकावर नोंदवा.