ग्राइंडरचा वर्क रेस्ट निघायला हवाच, पण परत त्याच जागी बसायलाही हवा

प्रश्न असा होता की चाकू घासायचा 2 बाय 72 चा बेल्ट ग्राइंडर (2 इंच रुंद, 72 इंच लांब बेल्टचा) घरीच बनवलाय, पात्याचा आकार काढताना पातं टेकवायला रेस्ट म्हणजे छोटं टेबल लागतं पण धारेचा उतार घासायला बसलं की तोच हाताखाली येतो, मग काढता-लावता येईल असा कसा करायचा. आणि दिंडोरीच्या मामांना द्राक्षाच्या कलमासाठी चाकू करून द्यायचेत.

काढता येणारा रेस्ट कोणीही करेल हो, एक बोल्ट ढिला केला की निघाला. कठीण काम आहे ते परत लावल्यावर गुण्या न लावता 90 अंशात बसणं. माझा पहिला रेस्ट एकाच एम 8 बोल्टवर होता. 2,850 आरपीएमची मोटर आणि 5 इंची ड्राइव्ह व्हील म्हणजे बेल्ट सेकंदाला साधारण 19 मीटर पळतो, आणि तो सतत खाली ओढत असतो, त्यात तुम्ही वरून दाबता. दहा मिनिटांत रेस्ट नाक खाली करून बसायचा, मग परत गुण्या, परत पाना, शेवटी कंटाळून मी तसंच तिरकं घासायचो आणि टँगचे (पात्याचा मुठीत जाणारा भाग) दोन खांदे कधी जुळायचे नाहीत. त्यामुळे एक गोष्ट पक्की धरा, जागा ठरवायचं काम डॉवेल पिनचं (भोकात नेमकी बसणारी, आटे नसलेली गोल पिन) आणि धरून ठेवायचं काम बोल्टचं. बोल्टकडून दोन्ही कामं करून घेऊ नका.

आता रेस्ट कशाला लावायचा. बरेच जण फ्रेमला वेगळा आर्म देतात. गोल व्हीलवर पण रेस्ट हवा असेल तर ते ठीक, पण प्लॅटन (बेल्टला मागून आधार देणारी सपाट पट्टी) पुढेमागे झाला की रेस्ट आणि बेल्टमधली गॅप बदलते. तुम्ही फक्त प्लॅटनवर काम करताय, तर रेस्ट प्लॅटनच्या मागच्या जाड प्लेटलाच लावा, म्हणजे दोघं एकत्र हलतील. आणि ब्रॅकेट मोटरच्या बाजूने घ्या! उघड्या बाजूने घेतलात तर दर वेळी बेल्ट बदलायला रेस्ट काढावा लागेल, आणि दिवसात बेल्ट किती वेळा बदलतो ते तुम्हाला माहितीये.

सामान फार नाही. वरच्या टेबलाला 10 मिमीची एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, साधारण 100 बाय 150 मिमी. 6 मिमीची घेऊ नका, थरथरते आणि ती थरथर पात्याच्या कडेवर दिसते. उभी पट्टी 50 बाय 10 ची, बेल्टच्या कडेपासून सेंटीमीटरभर लांब, कारण ट्रॅकिंग करताना, म्हणजे बेल्ट चाकावर मधोमध आणताना, तो सरकतो. हे तुकडे नाशिकला सातपूर-अंबडच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे कटिंगच्या ढिगात पडलेले असतात, मागितलं तर वजनावर देतात. टेबलाची बेल्टकडची कड खालच्या बाजूने 45 अंशात मारून घ्या म्हणजे चुरा अडकत नाही, खाली पडतो. वरची कड मात्र धारदारच ठेवा.

क्रम इथे महत्त्वाचा आहे, बहुतेक जण इथेच फसतात. आधी भोकं पाडून मग वेल्डिंग केलं तर वेल्डिंग खेचतं आणि तुमचा 90 अंश गेला. आधी टेबल पट्टीला वेल्ड करा, दोन्ही बाजूंनी टॅक मारून मग थोडं थोडं, खाली एक त्रिकोणी तुकडा आधाराला, आणि पूर्ण गार होऊ द्या. मग सगळ्यात जाड जो बेल्ट वापरता, 36 ग्रिटचा सिरॅमिक वगैरे, तो चढवा, गॅप दीड-दोन मिमी ठेवा. आता बेल्टला नाही, प्लॅटनच्या उघड्या भागाला गुण्या लावून रेस्ट 90 अंशात आणा, सी-क्लॅम्पने करकचून आवळा, आणि त्याच अवस्थेत पट्टी आणि प्लॅटनची प्लेट दोन्हीतून एकदम ड्रिल मारा. वेल्डिंगने केलेला वाकडेपणा इथे आपोआप जिरतो. डावी-उजवीकडे टेबल जरा कललं असेल तर त्याचं टेन्शन घेऊ नका, प्लॅटनशी काटकोन त्याने बिघडत नाही, फक्त डोळ्याला खुपतं.

डॉवेल 8 मिमीचे दोन, एकमेकांपासून 40-50 मिमी लांब. 7.8 चं ड्रिल आणि मग 8 चा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार). पिना प्लॅटनच्या प्लेटमध्ये ठोकून घट्ट, पट्टीतून सरकत्या. दोन्ही भोकं अगदी टाइट ठेवलीत तर चार दिवसांत चुरा बसून रेस्ट निघणारच नाही, मग हातोडी घ्याल. म्हणून एक भोक गोलच ठेवा आणि दुसरं गोल कानशीने दोन पिनांच्या रेषेत केसभर लांब करा, रेषेला आडवं अजिबात नको. मधोमध प्लॅटनच्या प्लेटमध्ये एम 10 चा आटा, ड्रिल 8.5 चं, आणि त्यात स्टार नॉब, म्हणजे पाना शोधायला नको. पावसाळ्यात पिना गंजतात, अधूनमधून तेलाचं फडकं फिरवायचं.

तिरका होणारा रेस्ट करू का असं पण विचारलंय. पहिल्या रेस्टला नको. जेवढे सांधे तेवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा. कोन हवाच असेल तर लाकडाची पाचर करून वर ठेवा.

गॅपचं परत सांगतो कारण मी भोगलंय. माझ्या जुन्या रेस्टची गॅप पाचेक मिमी झालेली, पातळ पात्याचं टोक आत गेलं, बेल्ट फाटला आणि पातं पायाजवळ येऊन आदळलं. नखापुरतं वाचलो. दोन मिमीत ठेवा, आणि हातमोजे घालून रेस्टवर काम करायचं नाही, मोजा ओढला गेला की बोट त्याच्यासोबत जातं. पुढेमागे प्लॅटनवर 5 मिमीची काच चिकटवलीत तर बेल्ट तेवढा पुढे येऊन रेस्टला घासेल, तसा विचार असेल तर आत्ताच काच लावा आणि मग ड्रिल करा.

कलमाच्या चाकूला उतार एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू सपाट, तरच काप सरळ जातो आणि सालीला साल मिळते. रेस्ट फक्त बाहेरचा आकार आणि टँगचे खांदे यासाठी लावा, मग काढून ठेवा, सपाट बाजू नुसत्या प्लॅटनवर आणि शेवटी काचेवर पॉलिश पेपरने. मामा डावखुरे असतील तर उतार उलट्या बाजूला घ्यावा लागेल, तेवढं आधी फोन करून विचारा.

आणि रीमर एका कामासाठी विकत घेऊ नका. क्लॅम्प केलेलं प्लॅटन उचलून जवळच्या जॉबवर्कवाल्याकडे न्या, पिलर ड्रिलवर पंधरा मिनिटांचं काम आहे.