फॅन साइट तुमची, लेख एजन्सीचा?

प्रश्न : ताई, आम्ही तिघे मित्र एका मोबाइल गेमची मराठी फॅन साइट चालवतो. नकाशे, बंदुकांची तुलना, नव्या अपडेटमध्ये काय बदललं, असं सगळं तिथे असतं. परवा एका मार्केटिंग एजन्सीचा मेल आला. लवकरच येणाऱ्या एका नव्या गेमवर चार लेख टाकायचे. लेख तेच लिहून देणार, खाली नाव आमचं. ‘जाहिरात’ असा उल्लेख कुठेही नको म्हणतात. पैसे इतके आहेत, की दोन वर्षांच्या होस्टिंगचा खर्च सुटेल. घ्यावेत का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पैसे जरूर घ्या, पण या अटीवर घेऊ नका.

मी पुण्यात एका गेम स्टुडिओत खेळाडूंशी संपर्क ठेवायचं काम करते, त्यामुळे असे मेल कशासाठी लिहिले जातात ते मला ठाऊक आहे. बॅनर काय, कंपनी कुठेही लावू शकते. तिला तुमच्याकडून हवं आहे ते वेगळंच. ‘या पॅचनंतर स्नायपर खेळायची मजाच गेली’ असं बेधडक लिहिणारी मुलं म्हणून लोक तुम्हाला ओळखतात. त्याच मुलांनी एखाद्या गेमला चांगलं म्हटलं, की वाचणारा तो डाउनलोड करतो. एजन्सीला विकत हवा आहे तो हा विश्वास, आणि तोही वाचकाच्या नकळत. म्हणूनच ‘जाहिरात’ हा शब्द नको आहे.

हा प्रकार जुना आहे. २००६ च्या नाताळाआधी अमेरिकेत एक साइट निघाली. नाताळला मला पीएसपीच हवा, असं तिचं नावच होतं. पीएसपी म्हणजे सोनी कंपनीचं हातात धरून खेळायचं गेमयंत्र. चार्ली नावाचा मुलगा आपल्या जेरेमी या मित्राला पीएसपी मिळावा म्हणून धडपडतोय, अशी ती रचलेली. सोबत एका भावाचा रॅप करतानाचा व्हिडिओ. भाषा मुद्दाम पोरकट, स्पेलिंग मोडकंतोडकं. गेम खेळणाऱ्यांना वास आला. कुणीतरी डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, नोंदणी तपासली, तर तिथे झिपाटोनी या मार्केटिंग कंपनीचं नाव. मग सोनीला कबूल करावं लागलं, की साइट आमचीच. यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की पीएसपी हे यंत्र चांगलं होतं. त्याचे खरे चाहते होते, त्यांच्या खऱ्या साइट होत्या. त्यांच्याशी बोलायचं सोडून कंपनीने खोटा चाहता उभा केला, आणि चेष्टा झाली ती सगळ्यांचीच.

आता तुमच्याशी जास्त जुळणारं प्रकरण. २०१४ मध्ये ‘मिडल-अर्थ : शॅडो ऑफ मॉर्डोर’ हा गेम आला तेव्हा तो काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीने एका एजन्सीमार्फत यूट्यूबरना पैसे दिले. कुणाला काही शे डॉलर, कुणाला हजारो. प्यूडीपाय हा प्रसिद्ध यूट्यूबरही त्यात होता. गेमबद्दल चांगलंच बोलायचं, बग किंवा ग्लिच, म्हणजे गेममधले दोष, दाखवायचे नाहीत, ही अट. पैशांचा उल्लेख व्हिडिओत नाही, तर खाली वर्णनात, म्हणजे ‘शो मोअर’ दाबल्याशिवाय दिसणारच नाही अशा जागी. काहींनी तर गेम आधी मिळाला एवढंच लिहिलं, पैशांचं नावच नाही. हे व्हिडिओ ५५ लाखांहून जास्त वेळा पाहिले गेले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने कारवाई केली आणि २०१६ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. गंमत बघ, गेम उत्तम होता. न लपवताही खपला असता.

आपल्याकडेही आता मोकळं रान नाही. जाहिरात क्षेत्राच्या ‘अ‍ॅस्की’ या संस्थेचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत. मोबदला घेऊन केलेल्या पोस्टवर तसं ठळक लिहावं लागतं, आणि मोबदला म्हणजे फक्त रोख रक्कम नाही. फुकट मिळालेली वस्तू, सहल, सवलत, सगळं त्यात येतं. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. हा दंड वस्तूची भलामण करणाऱ्यालाही होऊ शकतो. लेखाखाली नाव तुमचं असेल, एजन्सीचं नाही, हे नीट लक्षात घ्या.

तेव्हा त्यांना सरळ कळवा : लेख आम्ही लिहू, गेम स्वतः खेळून लिहू, उणिवा दिसल्या तर त्याही लिहू, आणि शीर्षकाच्या वर ‘प्रायोजित’ असं छापू. किंवा नुसता बॅनर द्या, आम्ही दर सांगतो. जाहिरातींवर साइट चालवण्यात कमीपणा काहीच नाही. पोकेमॉनची ‘सेरेबी’ ही साइट जो मेरिकने १९९९ मध्ये सुरू केली. तिच्यावर जाहिराती असतात, आणि तरी नवा पोकेमॉन आला की जगभरचे खेळाडू आधी तिथेच धावतात. जाहिरात कुठली आणि माहिती कुठली, हे तिथे कुणालाही दिसतं.

एजन्सीने नकार दिला तर देऊ दे. होस्टिंगसाठी वाचकांकडे वर्गणी मागा. तुमचे नकाशे रोज वापरणारी मुलं ५०-१०० रुपये आनंदाने देतील, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : माझी मुलगी अशा फॅन साइट वाचून गेम विकत घेते. साइट खरी की कंपनीने पेरलेली, हे कसं ओळखायचं?
– एक पालक, ठाणे

उत्तर : डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघायची जुनी युक्ती आता फारशी चालत नाही, कारण २०१८ पासून बहुतेक नोंदींमधली नावं झाकलेली असतात. त्याऐवजी साइटवरचं जुनं लिखाण तिला वाचायला सांगा. खरा चाहता कुरकुर करतो. सर्व्हर पडला, महागडे स्किन (पात्रांचे, बंदुकांचे नवे रूप) आणले, आवडतं पात्र बिघडवलं, अशा तक्रारी तिथे सापडतातच. गेम यायच्या महिनाभर आधी साइट सुरू झालेली, सगळे लेख गोडगोड, आणि प्रत्येकाच्या शेवटी विकत घ्यायची लिंक, असं दिसलं तर पैसे देण्याआधी थांबा. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर परत करून पैसे मागता येतात. हे तिला आवर्जून सांगा.