पहिले डिस्नेलँड : तिसऱ्या वाढदिवसाच्या आत की पाचव्याच्या नंतर?

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सप्टेंबरअखेर लेकीला तीन वर्षे पूर्ण होतील, त्याआधी डिस्नेलँड उरकून घेतले तर तिचे तिकीट लागणार नाही, शिवाय आईबाबा मे महिन्यात सांगलीहून येत आहेत, म्हणजे सगळ्यांचे एकत्र जाणे होईल, असा हिशेब तू मांडला आहेस आणि त्यावर माझे मत विचारले आहेस. हिशेब म्हणून तो बरोबर आहे. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. तीन ते नऊ या वयासाठी मुलांचे तिकीट असते आणि दहाव्या वर्षापासून मोठ्यांचे. मुलांचे तिकीट मोठ्यांच्या तिकिटापेक्षा जेमतेम काही डॉलरनेच कमी असते, त्यामुळे तिसरा वाढदिवस जवळ आला की आपल्या मंडळींची धावपळ सुरू होते, हे मी या भागात अनेक घरांत पाहिले आहे. परंतु तुम्ही चार मोठी माणसे अगदी स्वस्तातल्या दिवशीही प्रत्येकी शंभर डॉलरच्या वर मोजणार, सॅन होजेहून साडेतीनशे मैल गाडी हाकणार, दोन रात्री हॉटेलात काढणार. एवढ्या सगळ्या खर्चात जे एकच तिकीट वाचते, त्याने मुलीचे वय ठरवावे हे मला पटत नाही.

माझे मत सरळ सांगते. तिला पाच वर्षे पूर्ण होऊ देत, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात, किंडरगार्टन सुरू होण्याआधी, तिला घेऊन जा.

यातले पहिले कारण उंचीचे आहे. आपल्याकडे पूर्वी गोराईच्या एस्सेलवर्ल्डला आणि नंतर खोपोलीच्या इमॅजिकाला लहान मुलांचे तिकीटच उंचीवरून ठरत आले आहे, त्यामुळे तुझ्या पुण्यातल्या भावंडांना फाटकाशी फूटपट्टीजवळ टाचा उचलणारी मुले ठाऊक असतील. इथे तिकीट वयावर आहे, पण आत गेल्यावर राज्य उंचीचेच असते. स्पेस माउंटन, बिग थंडर माउंटन, स्टार टूर्स, टियानाज बायू ॲडव्हेंचर या सगळ्यांना चाळीस इंच, म्हणजे सुमारे १०२ सेंटिमीटर, उंची लागते. १९५९ साली सुरू झालेल्या मॅटरहॉर्नला बेचाळीस इंच लागतात आणि इंडियाना जोन्सला सेहेचाळीस. आता जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात पाहिलेस तर तीन वर्षांच्या मुलीची मध्यम उंची सुमारे ९५ सेंटिमीटर आहे, चार वर्षांची जवळपास १०३ आणि पाच वर्षांची १०९ च्या थोडी वर. याचा अर्थ असा की चौथ्या वर्षी मुलगी चाळीस इंचांच्या रेषेवर लोंबकळत असते आणि पाचव्या वर्षी, सर्वसाधारण वाढ असेल तर, ती रेष आणि मॅटरहॉर्नचीही रेष तिने निवांत ओलांडलेली असते. तुम्ही दोघे काही उंचेपुरे नाही, म्हणून तक्त्यावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे दर तपासणीला लिहिली जाणारी उंची पाहत जा. रेषेवर लोंबकळणे हा सगळ्यांत वाईट प्रकार आहे. पाऊण तास रांगेत उभे राहून तोंडाशी पोहोचावे आणि तिथल्या कर्मचाऱ्याने मोजपट्टी लावून मान हलवावी, यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. पण पाच मिनिटांपूर्वी उड्या मारणारे मूल तिथेच जमिनीवर बसकण मारते आणि पुढचा तासभर कोणाचेच ऐकत नाही. जाड तळाचे बूट घालून अर्धा इंच वाढवण्याची युक्ती तुला कोणीतरी सांगेलच. ती करू नकोस. ती मर्यादा राइडच्या आसनावरील सुरक्षेच्या दांड्याशी निगडित असते, मुलाला मोठे म्हणवून घेण्याशी नव्हे.

तू म्हणशील, उंची न लागणाऱ्या राइडही पुष्कळ आहेत. आहेतच. डंबो, पीटर पॅन, फिरते कप, घोड्यांचे मेरी-गो-राउंड, केसी ज्युनिअरची आगगाडी, ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ची होडी, जंगल क्रूझ, एवढेच काय पायरेट्स ऑफ द कॅरिबियनलाही उंचीची अट नाही, आणि अडीच वर्षांच्या मुलीचा अर्धा दिवस त्यात सुखाने जाईल. वॉल्ट डिस्नेच सांगत असत की लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या मुली मेरी-गो-राउंडवर बसलेल्या असताना स्वतः बाकावर बसून शेंगदाणे खात राहण्याचा कंटाळा आला, आणि आईबापांना मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा असावी, हे तिथेच सुचले. १९५५ साली उघडलेल्या त्या जागेत अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन गेलास तर मोठ्या राइडच्या वेळी तुम्हा दोघांपैकी एकाला पुन्हा त्या बाकावरच बसावे लागेल. त्यासाठी तिथे रायडर स्विचची सोय आहे: एक जण मुलापाशी थांबतो, दुसरा बसून येतो, आणि मग थांबलेल्याला पूर्ण रांग न लावता सोडतात. सोय चांगली आहे, तान्हे भावंड असेल तर फारच उपयोगी आहे, पण ज्या मुलीसाठी एवढी यात्रा काढली तिलाच बाहेर ठेवून आळीपाळीने बसायचे, तर पहिली सहल तिची म्हणायची की तुमची?

उंचीपेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती दुपारची झोप. तुझी लेक अजून जेवून दीड-दोन तास झोपते ना? त्या बागेत दुपारी एक ते चार ही वेळ सगळ्यांत गर्दीची आणि उन्हाची असते. ॲनाहाइमचा सप्टेंबर तर जुलैहून फारसा वेगळा नसतो. स्ट्रोलरमध्ये झोपेल, असे सगळेच म्हणतात. काही मुले झोपतातही. परंतु बँडवाले समोरून वाजवत निघाले आहेत, शेजारी फुगेवाला उभा आहे, अशा जागी डोळा लागतो तो वीस मिनिटांपुरता, आणि अर्धवट झोपेतून उठलेल्या मुलाची किरकीर तुला मी सांगायला नको. रात्री नऊ-साडेनऊच्या फटाक्यांपर्यंत थांबण्याचा बेत असेल, तर ती झोप बुडालेली असताना त्या आवाजाने मूल घाबरून किंचाळते, हे गृहीत धरूनच चाल. पाचव्या वर्षी बहुतेक मुलांची दुपारची झोप सुटलेली असते, डायपर सुटलेले असते, शू आली की ती आधी सांगतात, आणि ‘आता नाही, आधी ही माणसे, मग आपण’ हे वाक्य त्यांना समजते. थीम पार्कमधला बहुतेक वेळ रांगेत जातो. जे मूल रांगेचा अर्थ समजू शकत नाही, त्याच्यासाठी ती बाग म्हणजे समोर ताट वाढून ठेवायचे आणि हात धरून बसायचे असा प्रकार आहे.

भीतीचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. पायरेट्सला उंचीची अट नाही, पण होडी मिट्ट काळोखात दोनदा खाली घसरते. मिस्टर टोडच्या गाडीच्या राइडचा शेवट चक्क नरकात होतो, लाल उजेड आणि नाचणारी छोटी भुते यांच्यासकट. अट नाही म्हणजे लहानांसाठी आहे, असा अर्थ कोणीही काढू नये. मुखवटे घातलेल्या पात्रांचेही तेच. आपल्या मंडळातल्या एका घरची तीन वर्षांची मुलगी महिनाभर ‘गूफी, गूफी’ करत होती. प्रत्यक्षात तो सहा फुटी गूफी हात पसरून वाकला तेव्हा ती आईच्या कुर्त्यात तोंड खुपसून जी चिकटली, ती त्या बाजूला पुन्हा फिरकेना. फोटोत आईची पाठ आणि एक लहानसा बूट आला आहे. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला खरे आणि सोंग यांतली सीमा कळत नाही, म्हणून ते घाबरते. पाच-सहाव्या वर्षी ती सीमा कळू लागते आणि तरीही सोंगावर विश्वास ठेवण्याची खुशी शिल्लक असते. आठव्या-नवव्या वर्षी मूल ‘आत माणूस आहे, त्याला गरम होत असेल’ असे म्हणू लागते, म्हणून फार लांबवूही नकोस. राजकन्येशी गंभीर चेहऱ्याने गप्पा मारण्याचे वय दोन-तीन वर्षेच टिकते.

‘तिला काहीच आठवणार नाही’ हा युक्तिवाद मात्र मी तुझ्याविरुद्ध वापरणार नाही. मोठ्यांच्या पहिल्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांनंतरच्याच असतात, त्यामुळे अडीचव्या वर्षीची सहल ती विसरेल यात शंका नाही. पण आठवणार नाही म्हणून मुलाला काही दाखवायचेच नाही असे म्हटले, तर पहिली तीन वर्षे घरातच बसावे लागेल. आनंद त्या क्षणी झाला तरी तो झालाच. माझी हरकत एवढीच की त्या वयाच्या मुलीला तितकाच आनंद घराजवळ, थोड्या खर्चात आणि दोन तासांत मिळतो.

आता आईबाबांचे. त्यांचा सहा महिन्यांचा मुक्काम ही तुझ्या पत्रातली खरी अडचण आहे आणि ती मी सहज बाजूला सारणार नाही. बाबांच्या गुडघ्याचे तूच लिहिले आहेस. त्यांना पुन्हा इतका प्रवास झेपेल की नाही अशी मनात शंका असेल, आणि त्यांना स्वतःला ते पाहण्याची हौस असेल, तर या उन्हाळ्यात जा. मात्र ती आजीआजोबांची सहल आहे असे ठरवून जा. फाटक उघडताना आत शिरा, त्यांना आगगाडीत आणि होडीत बसवा, मेन स्ट्रीटच्या टोकाशी असलेल्या बेबी केअर सेंटरची जागा आधी पाहून ठेवा, आणि जेवण झाले की सरळ हॉटेलवर या. घरचे खाणे आत नेऊ देतात, फक्त काचेची भांडी आणि मद्य चालत नाही, तेव्हा आईंना दशम्या आणि दहीभात करू दे. त्यांचे अर्धे समाधान त्यातच आहे. त्यांना तशी हौस नसेल आणि केवळ ‘नातीबरोबर फोटो’ एवढेच मनात असेल, तर सॅन होजेमधले हॅपी हॉलो त्यासाठी पुरेसे आहे. १९६१ पासूनची ती जागा आहे, प्राणीही आहेत, थोड्या लहान राइडही आहेत, आणि डॅनी ड्रॅगनच्या गाडीत आजी-आजोबा-नात बरोबर बसू शकतात.

मधल्या दोन-अडीच वर्षांत काय करायचे, हे उघडच आहे. हॅपी हॉलो झाले की ओकलंडचे चिल्ड्रन्स फेअरीलँड, जिथे मूल बरोबर नसेल तर मोठ्या माणसाला आत सोडतच नाहीत आणि जे डिस्नेलँडच्याही आधी, १९५० साली, सुरू झाले. चौथ्या वर्षी गिलरॉय गार्डन्स हे लहान मुलांचे थीम पार्क. या जागी राइडवर बसल्यावर ती हात वर करते की तुझा दंड घट्ट धरते, उतरल्यावर ‘परत’ म्हणते की ‘घरी’ म्हणते, रांगेत किती वेळ टिकते, अंधारात काय करते, हे नीट बघ. वयाचा आकडा मी पाच सांगितला असला, तरी साडेचारव्या वर्षी चाळीस इंच ओलांडून ती रांगेत गाणी म्हणत उभी राहत असेल तर माझा आकडा सोडून दे. आणि पाच झाली तरी गिलरॉयच्या साध्या आगगाडीत रडत असेल, तर आणखी वर्षभर थांब.

वेळेचे म्हणशील तर तुझ्या लेकीचा सप्टेंबरअखेरचा वाढदिवस तुझ्या पथ्यावर पडला आहे. कॅलिफोर्नियात किंडरगार्टनसाठी १ सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण लागतात, म्हणजे ती जवळजवळ सहाची होऊन किंडरगार्टनला जाईल, आणि पाचव्या वाढदिवसानंतर तुम्हाला जवळपास वर्षभर सवड मिळेल. त्या वर्षी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, मार्टिन लूथर किंग यांच्या जयंतीची जोडून येणारी सुट्टी उलटल्यावर, मंगळवार-बुधवार गाठ. तिकिटे तारखेप्रमाणे बदलतात आणि ते दिवस स्वस्तांपैकी असतात, ऊन सोसवते, रांगा आखूड असतात. त्या दिवसांत काही राइड दुरुस्तीसाठी बंद असतात. नाताळची सजावट उतरवण्यासाठी ‘स्मॉल वर्ल्ड’ बहुधा तेव्हाच बंद ठेवतात, म्हणून तारीख पक्की करण्याआधी बंद राइडची यादी पाहा आणि तिची सगळ्यांत आवडती त्यात नाही याची खात्री कर. पाऊस लागला तर प्लॅस्टिकचे रेनकोट इथूनच ने, तिथे दुप्पट भाव असतो.

जाण्याआधी महिनाभर तिला सगळ्याच राइडच्या चित्रफिती दाखवण्याचा मोह आवर. दोन-तीन राइड दाखव, काळोखाच्या आणि घसरणाऱ्या. पहिली राइड डंबो किंवा मेरी-गो-राउंड असू दे, मॅटरहॉर्न दुपारनंतर, आणि तेही तिने स्वतः विचारले तर. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने चाळीस आणि बेचाळीस इंचांच्या खुणा आजच करून ठेव. पाच पूर्ण झाल्यावरच्या नोव्हेंबरमध्ये ती दोन्ही खुणांच्या वर असेल तर हॉटेल बुक कर, आणि आईबाबा त्या वर्षी पुन्हा आले तर त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची फाटकापाशी भाड्याने मिळते, हे लक्षात ठेव.

तुझी,
काकू