ट्रॅक्टर शेताबाहेर नेला तर विम्यात काय काय बसतं?

प्रश्न: ताई, आमची सांवेरजवळ शेती आहे, आम्ही राहतो इंदूरला, ट्रॅक्टर माझ्या नावावर आहे पण चालवतो चुलतभाऊ. सोयाबीन निघालं की ट्रॉली भरून तोच लक्ष्मीबाईनगर मंडीत नेतो. यंदा शेजारचे म्हणतायत आमचाही माल टाक, डिझेल आणि वर थोडे पैसे देतो. येताना मजूर बायका ट्रॉलीत बसतात. इन्शुरन्स दरवर्षी भरतो, मग काही झालं तर कंपनी देईल ना?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: दादा, आधी पॉलिसी काढा आणि त्यात दोनच गोष्टी बघा, ट्रॉलीचा उल्लेख आहे का आणि वापराच्या मर्यादेत काय लिहिलंय. पावती सगळे जपून ठेवतात, हे पान कोणी वाचत नाही, आणि क्लेम अडतो तो इथेच.

लोकांना जायचा हक्क असलेला कुठलाही रस्ता, मग तो गावातला कच्चा का असेना, तिथे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा विमा, लागतोच. स्वतःचं सोयाबीन मंडीत नेणं हे सहसा शेतीचंच काम धरलं जातं. रस्त्यावरचं कोणी जखमी झालं किंवा गेलं तर भरपाईला वरची मर्यादा नाही, दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र पॉलिसीत आकडा असतो. आपला ट्रॅक्टर मोडला तर त्यासाठी पॅकेज पॉलिसी हवी, म्हणजे जिच्यात आपल्या गाडीचं नुकसानही धरलेलं असतं ती. ट्रॉली कायद्याने वेगळं वाहन, तिचा प्रीमियमही वेगळा, तेव्हा पिन निघून ट्रॉली मागच्या बाइकवाल्यावर गेली तर कंपनी आधी हेच विचारणार की ट्रॉली पॉलिसीत आहे का.

शेजाऱ्याचं म्हणाल तर डिझेलच्या वर पैसे घेतले की ते भाडंच झालं, आणि शेतीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही.

मला खरी काळजी त्या बायकांची वाटते. ट्रॅक्टरवर सीट एकट्या ड्रायव्हरची आणि ट्रॉली मालाची. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे असंच प्रकरण होतं, भाजीवाला ट्रॅक्टर-ट्रॉलीतून माल घेऊन बाजाराला निघाला होता, अपघातात गेला, कोर्ट म्हणालं व्यापाऱ्याने विक्रीचा माल नेणं हा शेतीचा वापर नाही, कंपनी जबाबदार नाही. कधीकधी कोर्ट कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतं, आणि मालक म्हणजे तुम्ही, चालवणारा भाऊ असला तरी, कारण आरसी तुमच्या नावावर आहे. त्या बायका मजुरीवर जगतात हो, हात-पाय मोडला तर त्यांनी कुठे जायचं? त्यांच्यासाठी प्रवासी परमिटवाली गाडी ठरवाच.

भावाचं लायसन्स चालू आहे का तेही बघा. आणि सोयाबीन निघायच्या आधीच ट्रॉलीचा नंबर पॉलिसीवर चढवून घ्या, एजंट तोंडी 'हो जाएगा भैया' म्हणाला तर त्यावर थांबू नका, एंडोर्समेंटचा, म्हणजे पॉलिसीत बदल नोंदवल्याचा, कागद हातात घ्या.